कुलूपवालीच्या कपाटावरून

मी कपाटावरचा जुना संगणक बोलतोय. तुम्ही कोण, कुठून आलात, हे मला अजून पटलेलं नाही; पण ऐकायला बसलाच आहात, तर सांगतो. संशय घेणं हा माझा स्वभाव आहे, आणि तो मला दातांच्या दवाखान्यात जडला.

माझा पहिला मुक्काम तिथे, दाराशेजारच्या टेबलावर होता. येणारा प्रत्येक जण आपण दोन्ही वेळा दात घासतो असं ठामपणे सांगायचा, ते माझ्यात नोंदवलं जायचं, आणि आत जाऊन तोंड उघडलं की पितळ उघडं पडायचं. टेबलावरच्या बाईंनी माझा पासवर्ड कागदावर लिहून माझ्याच कपाळावर चिकटवला होता. अशा माणसांत राहून विश्वास कुणावर ठेवायचा?

पुढे नवे संगणक आले आणि मी मोडक्या खुर्चीखाली धूळ खात पडलो. तिथून मला एका मुलीने उचलून आणलं. ती जवळच्या कॉलेजात संगणक दुरुस्त करते आणि आपल्या आत्याकडे राहते. तिने मला बाहेरून पुसलं, आतूनही पुसलं. माझ्या जुन्या आठवणी गेल्या असा तिचा समज आहे. असू दे.

तिची आत्या चाव्या बनवते. दुकान अरुंद आहे. भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, कोपऱ्यात चावी घासायचं यंत्र, आणि जिथे तिथे पितळेचा कीस. आत्या माझ्याहून संशयी. कुणी चावी करायला आलं की ती आधी त्याच्या हातांकडे बघते, मग चेहऱ्याकडे. घर कुणाचं याचा पुरावा नसेल तर सरळ वाटेला लावते.

मी येण्याआधी या घरात एक गोष्ट घडून गेली होती. मला ती तुकड्यातुकड्यांनी कळली. आत्याचा धाकटा भाऊ, म्हणजे या मुलीचे बाबा, पूर्वी याच दुकानात काम करायचा. नंतर दुसऱ्या शहरात कुलपांच्या कारखान्यात लागला. एके दुपारी त्याच्या नावाने आत्याच्या फोनवर निरोप आला: समोरच्या औषधवाल्यांच्या गोदामाच्या चावीचा फोटो पाठव, तातडीचं आहे. जादाची चावी आत्याकडे ठेवायला दिलेली होती. गिऱ्हाइकाच्या चावीचा फोटो कुणालाही द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. फोटोवरून दात मोजून नवी चावी घासता येते. पण मागणारा सख्खा भाऊ. तिने पाठवला.

गोदाम रिकामं झालं, कुलूप न तुटता. औषधवाले आत्याला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी दुसरीकडून नवं कुलूप आणलं, आणि तेव्हापासून ते या दुकानासमोरून मान खाली घालून जातात.

भाऊ म्हणाला, माझं खातं कुणीतरी बळकावलं होतं, ते निरोपांचं ॲप चालवणाऱ्या कंपनीत दाद मागितली तर कुणी उत्तरही देत नाही. आत्याने विचारलं, "तूच नव्हतास कशावरून?" त्याने फोन ठेवला. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद.

"जेवताना मी दोघांचे निरोप पोचवते," भाची एकदा वैतागून म्हणाली. "बाबा विचारतात आत्याचा गुडघा कसा आहे, तू विचारतेस त्यांचा खोकला कसा आहे. मला घास गिळू द्या."

म्हणून तिने मला दुकानातल्या कपाटावर चढवलं आणि माझ्यात निरोपांची व्यवस्था बसवली. प्रत्येकाचा पत्ता म्हणजे आधी माणसाचं नाव आणि मग घराचं. आत्याचं घर म्हणजे मी. बाबांचं घर म्हणजे कारखान्यातल्या मित्रांनी मिळून चालवलेलं एक यंत्र. घरं वेगळी, मालक वेगळे, पण बोलायचे नियम एकच, त्यामुळे एकीकडचा निरोप दुसरीकडे पोचतो. मधे कुठली कंपनी बसलेली नाही.

"नियम कुणी ठरवले?" आत्याने विचारलं.

"पुष्कळांनी मिळून. उघडे आहेत, कुणीही वाचावेत."

"म्हणजे चोरानेही वाचले असतील."

"आत्या, तुझ्या कुलपाच्या आत काय असतं ते चोराला माहीत नसतं का? तरी चावी लागतेच ना?"

आत्याने हातातलं कुलूप एकदा उघडून पुन्हा लावलं.

तरी सुरुवात धड झाली नाही. दुकान बंद करताना मेन स्विच पाडायचा ही आत्याची जुनी सवय, त्यामुळे रोज संध्याकाळी माझाही जीव जायचा. भावाचे निरोप तिकडच्या यंत्रात अडून राहायचे. ते यंत्र चिकाटीचं. थोडं थांबून पुन्हा दार ठोठवायचं. सकाळी मी जागा झालो की सगळे एकदम आत. आत्या ते उघडायची नाही. नाव भावाचं होतं, पण नाव तर मागच्या वेळीही भावाचंच होतं.

भाचीने सांगितलं, दोन्ही फोनांवर चित्रांची एक ओळ येते, ती जुळली की समोरचा फोन खरा. बाबा फोनवरून वाचून दाखवतील.

"आवाज काय, हल्ली आवाजही हुबेहूब काढतात," आत्या म्हणाली. "माझ्यासमोर बसून वाचायचं असेल तर वाच म्हणावं."

आणि तो आला. बॅग खांद्यावर तशीच, पायांत बूट तसेच, आल्यापावली परत जायच्या तयारीचा. आत्याने पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

"वाच."

"छत्री. हातोडा. कासव."

"हं."

"सायकल. केक. घंटा. कोंबडा."

जुळलं होतं. तरी तिने त्याचा फोन हिसकावून स्वतः एकदा पाहिलं. मलाही तेच करावंसं वाटलं होतं.

"हा फोन तुझा, हे ठरलं," ती फोन परत देत म्हणाली. "त्या दिवशी कोण होतं, ते ही चित्रं सांगत नाहीत."

भाची काही बोलायला गेली, पण भावाने तिला हाताने थांबवलं. "ताई, त्या गोदामाची चावी घासली कुणी होती?"

आत्या यंत्राकडे बघू लागली.

"मीच ना? इथेच बसून. तिसरा दात खोल गेला म्हणून तू मला ती दुसऱ्यांदा घासायला लावलीस. अजून डोळे मिटून घासेन. मला फोटो कशाला लागला असता?"

मी या बोलण्यात भोक शोधलं. कसून शोधलं, सापडलं नाही.

"तेव्हा का नाही बोललास?"

"तूच नव्हतास कशावरून, असं बहिणीने विचारल्यावर दातांचा हिशोब कोण देत बसेल?"

आत्याने चित्रांखालचं 'जुळतात' दाबलं. मग चष्मा चढवून एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि पाठवलं. भाऊ हातभर अंतरावर बसला होता. तो निरोप माझ्यातून त्याच्या यंत्राकडे, दुसऱ्या शहरात गेला आणि तिथून फिरून त्याच्या खिशात वाजला. त्याने वाचला. बराच वेळ वाचला.

आता माझं बरं चाललंय. माझ्यासाठी वेगळी तार ओढली आहे, संध्याकाळी माझा जीव जात नाही. औषधवाले अजून मान खाली घालूनच जातात. तुम्हीही असं घर मांडणार असाल तर दोन विनवण्या: यंत्राच्या पंख्यातला कीस अधूनमधून काढत जा, आणि चित्रं जुळवताना आळस करू नका.

त्या निरोपात काय होतं, ते मला माहीत नाही. माझ्या पोटातून जातो, पण तो कुलूपबंद असतो आणि चाव्या त्या दोघांच्याच फोनांत. माझ्यासारख्या संशयी जिवाला याहून मोठी शिक्षा नाही. मी कपाटावरून पाहिलं ते एवढंच, की निरोप वाचून झाल्यावर त्याने बॅग खाली ठेवली आणि वाकून बुटांचे बंद सोडले.