पानगळीतले चाळीस फोटो

कागद कंपनीच्या माणसाला आम्ही हरितसाहेब म्हणायचो. दर तिसऱ्या वाक्यात त्याच्या तोंडी ‘हरित’ यायचं, आणि हा गृहस्थ झाडाखाली टेकायचा तरी आधी रुमाल अंथरायचा. बाजाराच्या चौकात माझा फोटो स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत पासपोर्टचे फोटो, मागच्या खोलीत लग्नाचे अल्बम. तिथे तो भर पानगळीत आला आणि म्हणाला, “डोंगरावरच्या रानाचे चाळीस फोटो हवेत. भकास दिसले पाहिजेत.”

त्यात कसली आलीय कला? आमच्या रानातली झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात आणि दोन-अडीच महिने काड्या होऊन उभी राहतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं. मी चाळीसच्या चाळीस भकास काढले, आभाळ जरा पांढरं करून दिलं आणि वर साहेबाला चहा पाजला.

त्या फोटोंचं पुढे काय झालं ते सुनावणीच्या नोटिशीवरून कळलं. रान मेलेलं आहे असा अहवाल. म्हणून ते मुळासकट काढायचं, डोंगर कंपनीला द्यायचा आणि कागदाच्या लगद्यासाठी तिथे निलगिरी लावायची. पाच वर्षांत घनदाट जंगल, असं त्यांचं गुळगुळीत पत्रक सांगत होतं. पी हळद आणि हो गोरी! ज्या रांगांत पाखरू घरटं बांधत नाही आणि खाली गवताची काडी उगवत नाही त्यांना जंगल म्हणायचं, तर माझ्या खिशातल्या कंगव्यालाही म्हणावं लागेल.

नोटीस घेऊन मावशी स्टुडिओत आली. आई गेल्यावर मला हिनेच वाढवलं, रानातला मध आणि डिंक विकून. रान वाचवायला बायकांनी समिती काढली, तिची पुढारीही हीच. तिने फोटोंच्या झेरॉक्स काउंटरवर ठेवल्या.

“हे तू काढलेस?”

“काम होतं, मावशी.”

“कुठल्या दिवसांत काढलेस, ते सुनावणीत उभं राहून सांगशील?”

“बघू.”

‘बघू’ म्हणजे नाही, हे तिला मी सहा वर्षांचा असल्यापासून कळतं. ती झेरॉक्स उचलून गेली आणि तीन आठवडे फिरकली नाही. रस्त्यात दिसली तर पलीकडच्या बाजूने जायची. मावशीने तोंड फिरवलं की मला घास गिळवत नाही. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे सांगायला लाज वाटते, पण तसं आहे. तरी मी काही तिच्या घरी गेलो नाही. हरितसाहेबाने वर्षभराचं काम देतो म्हटलं होतं ना.

सुनावणीची तारीख कंपनीने बरोबर गाठली होती, झाडांना पालवी फुटायच्या आत. कचेरीच्या हॉलमध्ये पुढच्या खुर्च्यांवर कंपनी आणि हरितसाहेबाने बोलावलेला मी, मागे बाकांवर बायका. सुनावणी घेणारा अधिकारी उंटावरचा शहाणा. त्याने खुर्चीतूनच खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बोट केलं. “डोळ्यांनी दिसतंय की, बाई. मेलेल्या झाडांसाठी कशाला भांडता?”

मावशी पुढे गेली. हातातली वाळकी दिसणारी फांदी तिने त्याच्या फायलीवर ठेवली आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवंगार, ओलं. समोरच्या कागदाला डाग पडला.

“एका काडीवरून काय ठरतं?” अधिकारी म्हणाला.

“चाळीस फोटोंवरून ठरतं, तर काडीवरून का नाही? फोटोवाला इथेच बसलाय. त्याला विचारा.”

फोटोवाला. माझा भाचा म्हणाली नाही. हरितसाहेब माझ्याकडे बघून गोड हसला, आणि त्या हसण्याची मला अशी काही शिसारी आली की मी उभा राहिलो.

“फोटो पानगळीतले आहेत,” मी म्हणालो. “दोन महिन्यांनी तिथेच मी लग्नाच्या जोड्यांचे फोटो काढतो. पाचोळा नाही, पानं. इतकी पानं की नवरा-नवरी शोधावी लागतात. अल्बम दाखवतो.”

“मग अहवालाच्या वेळी का बोलला नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

असलं उत्तर द्यायला पाठीचा कणा नसावा लागतो. मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं.

अधिकाऱ्याने डाग पुसायचा प्रयत्न केला, तो पसरला. मग त्याने वैतागून निकाल सांगितला: पालवी फुटल्यावर पुन्हा पाहणी, तोवर एकाही झाडाला हात लावायचा नाही. हरितसाहेब माझ्या अंगावरून गेला तो माझ्याकडे न बघता. वर्षभराचं काम गेलं. छाती फुगवून मी बाहेर आलो.

पायऱ्यांवर बायका फोटोसाठी दाटीवाटीने उभ्या राहत होत्या, मावशी मधोमध. मी कॅमेरा सावरत पुढे झालो.

“मावशी, मी काढतो.”

“नको,” ती शांतपणे म्हणाली. “तू काढलेला फोटो खरा की खोटा, ते सांगायला परत तुलाच उभं करावं लागतं.”

तिने आपला मोबाइल कचेरीच्या शिपायाकडे दिला. त्याला तो धड धरताही येत नव्हता, बोट भिंगावर येत होतं. मी बाजूला झालो, कारण मी मध्ये येतोय असं तो म्हणाला.