वॉरेनने न लिहिलेली चिठ्ठी

वॉरेन हाल्कोचा मला राग आहे, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. लोक म्हणतात, जाऊ दे लोर्ना, माणूस काही वाईट नव्हता. नव्हताच. वाईट माणसावर मी इतकं चिडले नसते.

कॅनडातल्या विनिपेगच्या जुन्या गोदामांच्या भागात आमचं रेकॉर्डचं दुकान आहे. मालक हिवाळाभर फ्लोरिडात पडून असतो. दुकान वॉरेन चालवायचा आणि त्याच्या हाताखाली मी. आमच्या दुकानाचं नाव होतं ते वॉरेनच्या चिठ्ठ्यांमुळे. ज्यांना त्यांच्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नाही अशा गाणाऱ्यांच्या रेकॉर्डवर तो स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहून चिकटवायचा. ‘स्वयंपाकघरात एकट्याने नाचायचं असेल तर दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लावा.’ ‘भांडण झाल्यावर ऐकू नका, पुन्हा फोन कराल.’ सीमेपलीकडच्या मिनियापोलिसहून सात तास गाडी हाणत लोक यायचे ते या चिठ्ठ्या वाचायला. नॉर्वेतली कुठली चार पोरं, न्यूझीलंडच्या दोन बहिणी, सगळ्यांच्या रेकॉर्ड आम्ही खपवल्या.

त्यात वॉरेनचा एक नियम होता. एखाद्या बँडचं गाणं मोटारीच्या नाहीतर बिअरच्या जाहिरातीत वाजलं, की तो उठून त्यांची चिठ्ठी काढायचा आणि फाडायचा. “गेले. आता ते सगळ्यांचे झाले,” म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची. मीही हसायचे. घरातलं माणूस गेल्यासारखा तो दिवसभर तोंड पाडून बसायचा, तेव्हा मी त्याला कॉफी आणून द्यायचे. आज ते आठवलं की मला माझ्याच कानाखाली द्यावीशी वाटते.

फेब्रुवारीतला शनिवार होता. बाहेर उणे अठ्ठावीस. दुपारी अडीचच्या सुमारास एक बाई आल्या, बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर नीट झटकून. इर्मा सवात्स्की नाव, सहासष्ट वर्षांच्या, नुकत्याच नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. हे सगळं त्यांनी हातमोजे काढता काढताच सांगून टाकलं.

“घरात नेहमी नवऱ्याचं कंट्री संगीत लागायचं. तो गेला गेल्या वर्षी. आता मला काय आवडतं तेच मला माहीत नाही,” त्या वॉरेनला म्हणाल्या. “माझ्या भाचीने सांगितलं, तुम्ही सुचवता. काहीतरी नवीन द्या बघू. फार प्रसिद्ध नको, ते सुपरमार्केटमध्ये ऐकतेच.”

माणसाने खूश व्हावं की नाही? वॉरेनने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“आतापर्यंत काय काय ऐकलंय?”

“सांगितलं ना, कंट्री.”

“मग एकदम उडी मारून चालणार नाही. आधी कान तयार करा. दोनेक वर्षं जुनं ऐका, मग या.”

“अहो, मी सहासष्टची आहे,” इर्माबाई म्हणाल्या. “दोन वर्षं म्हणजे माझ्यासाठी जरा जास्तच झाली.”

वॉरेन हसला. विनोद झाला असं त्याला वाटलं. मी मात्र तापले. पाया पडायला आलेल्या माणसाला देवळाच्या दारातच अडवायचं, आणि वर आपण देवाची सेवा करतो म्हणायचं! मी इर्माबाईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, “आवाज कसा हवा तुम्हाला?”

त्यांनी खरंच विचार केला. “बाईचा. ओरडणारा नको, रडणाराही नको. गिटार असू दे. आणि आमच्या या गोठलेल्या गावातलं काही असेल तर बघा.”

मला लगेच डारिया प्रोकोप आठवली. वॉरेन रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिची रेकॉर्ड लावायचा. दाराला कुलूप, मी फरशी पुसतेय, तो डोळे मिटून उभा. ती इथल्याच नॉर्थ एंड वस्तीतली, एका दंतवैद्याकडे फोन घेते, एवढं त्याने मला सांगितलं होतं. तो अर्धा तास म्हणजे आमच्या दोघांचं गुपित होतं. मी रॅकमध्ये शोधलं. नव्हती. वाटलं, संपली असेल, असली चीज टिकते कुठे.

आणि तेवढ्यात दार उघडून खुद्द डारिया आत आली. तिशी उलटलेली, लाल टोपी, नाक त्याहून लाल.

“वॉरेन, उरलेल्या घेऊन जाते रे. भाऊ बाहेर गाडी चालू ठेवून बसलाय.”

वॉरेनने गल्ल्याखालून खोकं काढलं. पंचवीस रेकॉर्ड तिने गेल्या फेब्रुवारीत विकायला ठेवल्या होत्या. खोक्यात चोवीस होत्या, एकीचंही प्लास्टिक फाटलेलं नाही.

“एक मी घेतली,” वॉरेन म्हणाला. चक्क अभिमानाने म्हणाला.

डारियाने मान हलवली. “बरं झालं एकदाचं कळलं ते. पाच वर्षं दिली होती मी स्वतःला. गिटार विकलीय, चार वाजता माणूस न्यायला येतोय. रविवारी ब्रँडनला चालले, भावाकडे.”

“गिटार विकली?” मी विचारलं. “अगं, का?”

“का म्हणजे? बाकी कुठे खपली नसती तर मी म्हटलं असतं, लोकांना कळत नाही. पण इथे? इथे लोक नॉर्वेतल्या पोरांची रेकॉर्ड नेतात. वॉरेनच्या दुकानात वर्षभरात एक गेली नाही, म्हणजे माझ्यातच काही नाही. दुसरं काय समजू?”

मी वॉरेनकडे वळले. “ही रेकॉर्ड रॅकमध्ये कधी होती?”

तो चष्मा पुसायला लागला.

“वॉरेन, मी विचारतेय. एक दिवस तरी बाहेर ठेवली होतीस?”

“नाही.”

“आवडली नव्हती?” डारियाने विचारलं. तिचा आवाज इतका साधा होता की मला तिथेच काहीतरी फोडावंसं वाटलं.

“आवडली नव्हती?” वॉरेन म्हणाला. “तीस वर्षांत या गावातून यापेक्षा चांगलं काही आलेलं नाही. रोज ऐकतो मी. विचार लोर्नाला. चिठ्ठी लिहिली असती तर सहा महिन्यांत तू सगळ्यांची झाली असतीस. मग ती चिठ्ठी मला फाडावी लागली असती. मला ती फाडायची नव्हती, डारिया. मी तुला जपत होतो.”

जपत होता! लोणचं आहे का ती, बरणीत घालून फडताळात ठेवायला?

“अरे मूर्खा,” मी म्हणाले, आणि दुकानातल्या चार गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. “ती दिवसभर लोकांच्या दाढदुखीच्या तक्रारी ऐकते आणि रात्री बसून गाणी लिहिते, ती काय तुझ्या एकट्याच्या सकाळसाठी? कुणी दिला तुला हक्क?”

“लोर्ना, तुला हे कळायचं नाही.”

त्या वाक्यासरशी माझं उरलंसुरलं भानही सुटलं. मी गल्ल्यामागे शिरले, त्याची ती रेकॉर्ड काढली आणि दुकानाच्या मोठ्या स्पीकरवर लावली. आवाज पूर्ण वर.

मला दाखवायचं होतं. वॉरेनला आणि डारियालाही. चारला अजून तासभर होता. ज्याने गिटार घेतली त्याला एक फोन करायचा, झालं.

गाणं सुरू झालं. रात्रपाळीहून परतणारी बाई गोठलेल्या नदीवरून चालत घरी येते, ते. कोट घालून निघालेला एक माणूस दारातच थांबला. दोन कॉलेजच्या मुली रेकॉर्ड चाळत होत्या, त्यांचे हात थांबले. इर्माबाई तर खोक्यांच्या रांगेला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी चाळीस वर्षं रात्रपाळ्या केल्या होत्या.

डारिया खोकं पोटाशी धरून उभी होती. लोक कसे ऐकतात ते पाहत होती. तिचा चेहरा मी बघितला, आणि मला वाटलं, जिंकलं आपण.

गाणं संपलं. इर्माबाई गल्ल्याशी आल्या आणि त्यांनी वॉरेनलाच विचारलं, “कोण हो ही? मला हीच हवी.”

एवढंच तर सांगायचं होतं. ही डारिया प्रोकोप, आणि ही तुमच्यासमोर उभी आहे. तीस वर्षं हा माणूस नावंच सांगत आला होता. डारिया त्याच्याकडे बघत होती. मी बघत होते. त्याने इर्माबाईंच्या जाड कोटाकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या सुपरमार्केटच्या पिशवीकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड आंबट झालं.

“आहे एक,” तो म्हणाला. “विकायला नाहीये ती.”

डारियाने खोकं नीट सावरलं. “इथलीच होती,” ती इर्माबाईंना म्हणाली. “आता गात नाही.” आणि खांद्याने दार ढकलून बाहेर गेली.

मी कोट न घालता तिच्यामागे धावले. त्या थंडीत श्वास नाकातच गोठतो. भावाने गाडीचं मागचं दार उघडलं होतं, ती खोकं आत ठेवत होती.

“एक तरी दे, डारिया. त्या बाईंसाठी. आणि त्या गिटारवाल्याला फोन कर, सांग नाही विकायची. पाहिलंस ना कसे ऐकत होते? मी लावते तुझी रेकॉर्ड रोज, मी लिहिते चिठ्ठी. तो गाढव आहे, सोड त्याला.”

तिने गाडीचं दार लावलं आणि माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं.

“तो म्हणाला, रोज ऐकतो. तू पण असायचीस तिथे?”

“हो.”

“आवडायचं तुला?”

“खूप.”

“मग वर्षभरात तू कुणाला सांगितलंस, लोर्ना?”

मी आठवायचा प्रयत्न केला. बहिणीला नाही. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी ज्यांच्याबरोबर पिरोगी नावाच्या करंज्या लाटते त्या बायकांना नाही. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचा पगार मिळतो मला, त्यांतल्या एकालाही नाही. रोज सकाळी फरशी पुसताना मला वाटायचं, हे ऐकणारे जगात आम्ही दोघंच, आणि त्या वाटण्याने माझी छाती फुगायची.

तिने लाल टोपी कानांवर ओढली. मग गाडीत बसली.