नमुन्याचा डावा गाल

आत्या कापड रंगवायच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. तिथली पद्धत अशी, की नव्या रंगाचा लॉट निघाला की त्यातला टीचभर तुकडा कापायचा, त्याचा निम्मा भाग पुठ्ठ्याखाली झाकायचा आणि उघड्या निम्म्याचे हाल करायचे. दिव्याखाली भाजायचा, साबणात उकळायचा, ब्रशने घासायचा. मग दोन दिवस नुसता पडू द्यायचा, कारण काही रंग आधी हसतात आणि नंतर रडतात. दोन दिवसांनी पुठ्ठा काढून दोन्ही बाजू खिडकीपाशी धरायच्या. फरक दिसला तर अख्खा लॉट परत. आत्याची नजर अशी तयार होती की पांढऱ्यातले चार पांढरे ती वेगळे काढायची. माणसांकडेही ती साधारण तसंच बघायची.

ही पद्धत तिने घरी आणली. घरात दोन मुली. एक तिची स्वतःची, तिला सगळे ताई म्हणत. दुसरी भाची. भाचीच्या बापाने दुसरं लग्न करताना पोरीला बहिणीकडे 'थोडे दिवस' म्हणून सोडलं होतं, आणि थोडे दिवस काही संपायचं नाव घेत नव्हते. तेवढ्यात पोरगी शाळेतून कॉलेजात गेली आणि कॉलेजातून घरी बसली. झोपायची कपडे धुवायच्या मशीनशेजारी, बोळात. आत्या तिला नमुना म्हणायची. आधी चेष्टेत म्हणाली, मग शेजारीण म्हणायला लागली, मग पोरगीच ओ द्यायला लागली.

पार्लरची ऐपत नव्हती आणि हौस दांडगी होती. तेव्हा फोनवर बघून, कारखान्यातल्या बायकांचं ऐकून, ओट्यावर जे सापडेल ते डोक्याला नाहीतर तोंडाला फासायचं. फक्त ताईच्या आधी नमुन्याला, आणि नमुन्याच्या डाव्या बाजूला. उजवी कोरी ठेवायची, ताडून बघायला. निम्म्या डोक्याला अंडं लागलं, कांद्याचा रस लागला, व्हिनेगर लागलं. कॉफीने डावी बाजू छान तांबूस दिसायला लागली, तेव्हा ताईचं अख्खं डोकं तांबूस झालं. नमुन्याची उजवी बाजू तशीच राहिली, कारण कॉफी संपली. एकदा साखरेचा पाक करून केस उपटायचा प्रयोग झाला. पाक जरा जास्तच तापला होता. डावी भुवई पुढे अर्धीच उगवली आणि तेव्हापासून पोरगी कायम काहीतरी विचारायला आल्यासारखी दिसायची.

"काय ग?" लोक म्हणत.

"काही नाही," ती म्हणे. खरंच काही नसायचं.

व्यायामाचंही तेच. वाळू भरलेल्या बाटल्या उचलून दंड बारीक होतात असं कुणीतरी सांगितलं. नमुन्याने उन्हाळाभर डाव्या हाताने बाटली उचलली. आत्याने दंड चिमटीत धरून बघितला आणि लेकीला म्हणाली, "हे तुला नको. हमालासारखे हात होतात." नमुन्याचा एक हात हमालाचा झाला, दुसरा तिचा तिचाच राहिला. घरातली घट्ट बसलेली झाकणं उघडायचं काम मात्र कायमचं तिच्याकडे आलं.

ताई वाईट नव्हती. हे सांगायलाच हवं, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे. ती गुपचूप स्वतःची क्रीम नमुन्याच्या उशीखाली ठेवायची. "आई अशीच आहे ग, मनावर घेऊ नकोस," असं म्हणायची आणि मग आईने पास केलेला लेप तोंडाला लावून डोळे मिटून पडायची. चांगल्या माणसांना असं डोळे मिटून पडणं छान जमतं.

तेवढ्यात चष्म्याच्या दुकानाचं निघालं. आत्याचे चष्मे तिथलेच. दुकानदाराला काउंटरवर मुलगी हवी होती. फ्रेम स्वतःच्या तोंडावर चढवून गिऱ्हाइकाला दाखवायची, हसायचं, आरसा पुढे करायचा. पगार बेताचा, पण दुकानाच्या वर एक खोली होती आणि ती नोकरीबरोबर मिळणार होती. घरात दोन मुली आहेत कळल्यावर तो म्हणाला, "दोघींना पाठवा सोमवारी. बघू."

ताईला नोकरी हवी होती, खोलीची तिला काही पडली नव्हती. नमुन्याला खोली हवी होती. तिने दुकानासमोरून दोन-तीनदा चक्कर मारली आणि वरच्या खिडकीकडे बघून ठेवलं. खिडकीला आतून कडी होती. ज्या खोलीची कडी आपण आतून लावू शकतो, तिथे आपल्या तोंडाला कोण काय फासणार, एवढाच तिचा हिशेब होता.

"दोघी जातील," आत्या म्हणाली. "पण घेतील एकीलाच. आणि चष्मेवाला काय बघणार? तोंडच बघणार."

पार्लरमध्ये चेहऱ्याची जुनी कातडी सोलून नवी काढतात, त्यावर आत्याने फोनवर बराच अभ्यास केला. शेवटी तिला शोध लागला की पार्लरवाल्यांच्या बाटलीत आणि चामखीळ जाळायच्या औषधात माल एकच, नाव तेवढं दुसरं. औषध घरात होतंच. त्यात तिने डोकेदुखीच्या गोळ्या कुटून घातल्या आणि लिंबू पिळलं.

"आई, चामखिळीचं औषध?" ताई म्हणाली.

"पातळ केलंय. आणि आधी नमुन्याला लावून बघतेच आहे ना मी."

शुक्रवारी संध्याकाळी नमुना खुर्चीत बसली, आत्याने नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत ब्रश फिरवला. कारखान्यात ओळ सोडून रंग जाऊ न द्यायची सवय असल्यामुळे बरोबर निम्म्यावर थांबली. लावल्या लावल्या आग पेटली. पोरीने खुर्चीचे हात धरले. तोंड उघडणार इतक्यात आत्या आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "ताई, तुझा तो निळा ड्रेस इस्त्रीला काढ. सोमवारी तुला तोच घालू. हिला काय, काहीही चालेल."

तेव्हा तिने तोंड मिटलं. धुवायला सांगितल्यावर धुतलं. रात्रभर गाल मशीनच्या गार पत्र्याला लावून पडून राहिली.

शनिवारी सकाळी आत्याने हनुवटी धरून तिला खिडकीत नेलं. डावा गाल ताणलेला, चकचकीत, उजव्यापेक्षा दिसण्याइतका उजळ. आत्या कितीतरी वेळ बघत राहिली. असा निकाल तिला कारखान्यातही कधी मिळाला नव्हता.

"आग झाली?"

"नाही."

"खाज? चरचर?"

"गार वाटलं," नमुना म्हणाली. हे मात्र तिने आपल्या मनाने घातलं.

दोन दिवस थांबायचा नियम आत्याला पाठ होता. पण थांबलं तर सोमवार उजाडणार, आणि ताईचा चेहरा आहे तसाच राहणार. आयुष्यात पहिल्यांदा तिने पुठ्ठा लवकर काढला.

ताई बाथरूममध्ये केस बांधत होती. नमुना टॉवेल द्यायला गेली तेव्हा ताईने तिचा हात धरला.

"खरं सांग हं मला. तुला काही झालं नाही ना? आईला नाही सांगणार मी."

बाथरूम लहान, दोघींची तोंडं आरशात शेजारी शेजारी. नमुन्याने आरशातल्या ताईकडे बघितलं. तिला माहीत होतं की आपला अर्धा चेहरा गेलेला आहे, आज नाहीतर उद्या. ताईचा अख्खा आहे. सोमवारी अर्धा आणि अख्खा शेजारी उभे राहिले तर खोली कुणाची, हे विचारायला दुकानदार लागत नाही. आणि अर्ध्याशेजारी अख्खा जळलेला उभा राहिला तर?

"काही नाही झालं ताई," ती म्हणाली. "रंगाचे देतात तसे दोन हात लावून घे. एका हाताने कमी पडतं."

ताईने दोन हात लावून घेतले. आत्यानेच ब्रश फिरवला, या वेळी कुठेही न थांबता. ताई थोड्या वेळाने म्हणाली, "चरचरतंय ग आई," तेव्हा आत्या म्हणाली, "हिला नाही झालं, तुला बरं होतं. नाजूकपणा पुरे." ताईने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं जिच्यावर सगळं आधी बघितलं गेलं, तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्याखेरीज ती दुसरं काय करणार?

रविवारी दुपारी नमुन्याचा गाल कागदासारखा तडकला आणि खालून तपकिरी, ओलसर कातडी निघाली. सोमवारी ताईचा गेला. कपाळ, नाक, दोन्ही गाल, हनुवटी. डोळ्यांच्या पापण्या सुजून फटी राहिल्या. डॉक्टरने मलमाची एक ट्यूब दिली, आत्याला चार शब्द सुनावले आणि म्हणाला, दोघींनी मिळून लावा, आता हे आपसूक भरेल, वेळ घेईल.

आत्या ओट्याशी पाठ करून उभी होती. नमुन्याला काही विचारावं असं तिच्या मनात आलं असणार, कारण ती दोनदा वळली. पण विचारलं असतं तर दोन दिवसांचा नियम कुणी मोडला, हेही निघालं असतं. ती पुन्हा ओट्याकडे वळली आणि घासलेलं पातेलं परत घासायला लागली.

"तू जा," ताई म्हणाली. ओठ हलवताना तिला दुखत होतं. "एकीने तरी जायला हवं. इकडे ये, केस पुढे घेऊन देते." फटीतून बघत बघत तिने नमुन्याचे केस डाव्या गालावर नीट बसवले. मग स्वतःचा निळा ड्रेसही दिला. इस्त्री केलेलाच होता.

चष्म्याच्या दुकानात भिंतींना सगळीकडे आरसे. नमुन्याला तिथे स्वतःचे बारा-पंधरा गाल दिसले, आणि केस कुठल्याच बाजूने पुरत नव्हते. दुकानदार माणसांची तोंडं बघायला सरावलेला, सरळ म्हणाला, "हे काय?"

"ॲलर्जी झाली."

"बहीण नाही आली?"

"तिला पण झाली. तिला जास्त आहे."

तो बरा माणूस होता. त्याने तिला दोन फ्रेम चढवायला लावल्या, बोलायला लावलं. ती चांगलं बोलली, घरात कधी न बोललेलं सगळं बोलली. एक बाई तेवढ्यात आत आली, नमुन्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. दुकानदाराने ते पाहिलं.

"कामाची आहेस," तो म्हणाला. "पण गिऱ्हाइकाने चष्म्याकडे बघायचं असतं. असं करा, महिना-पंधरा दिवस मी माझ्या बायकोला बसवतो. तुम्हा दोघींपैकी जिचा चेहरा आधी बरा होईल तिने यायचं. तिला सांग तसं. सांगशील ना?"

"सांगते," ती म्हणाली.

घरी आली तेव्हा ताई खिडकीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात बसली होती. उजेड सोसत नव्हता. आत्या कारखान्यात न जाता घरीच होती.

"काय म्हणाले?" आत्याने विचारलं.

नमुना चप्पल काढता काढता म्हणाली, "जागा भरली. सकाळीच कुणी येऊन गेली म्हणे."

आत्या खुर्चीत बसली. ज्या खुर्चीत आजवर नमुना बसायची तीच जवळ होती. "संपलं म्हणजे," ती म्हणाली. "सगळं संपलं." मग लेकीकडे बघवेना म्हणून नमुन्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिची नजर नेहमीसारखी बारीक झाली. "तुझ्या गालाच्या कडेला बघ. तिथून भरायला लागलाय."

"असेल."

"हिचं बघ ना कसं झालंय," आत्या म्हणाली.

कोपऱ्यातून ताई हसल्यासारखं काहीतरी करायला गेली आणि कळवळली. "बरं झालं ग एका अर्थी," ती म्हणाली. "तुला मिळाली असती आणि मला नाही, तर मला वाईट वाटलं असतं. आता काही वाटत नाहीये. ही ट्यूब घे. एवढीशीच आहे, दोघींना पुरायची नाही. मला आता कुठे जायचंय? तू सगळी लाव. तुला दुसरीकडे कुठे विचारायला जाता येईल."

"आणि तू?"

"माझं भरेल आपसूक. डॉक्टर म्हणालेच आहेत. घे ग."

ट्यूब पुढे आलेली होती. ताईचा हात थोडा चुकीच्या दिशेला होता, कारण तिला नीट दिसत नव्हतं. नमुन्याला एक पाऊल पुढे जावं लागलं.

तिने ती घेतली. बाथरूमच्या आरशासमोर जाऊन झाकण काढलं आणि मलम लावलं, बोटाच्या टोकाने, काही सांडू न देता, कडेपासून आत. भरपूर लावलं. बाहेर ताई आईला सांगत होती की तिला ओरडू नकोस, तिची काही चूक नाही, तिने आधी स्वतःवर घेतलं होतं.