माझं चाक निखळलं तेव्हा

मी एक जुनी एकचाकी ढकलगाडी आहे, मित्रांनो. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. पत्रा गंजलाय आणि एक मूठ दुसरीपेक्षा लांब आहे. वेल्डरने ती घाईत जोडली, लांबून एकदा पाहिली आणि म्हणाला, "चालतंय." तेव्हापासून मला सरळ ढकला, मी उजवीकडेच जाणार. मोठी माणसं "चालतंय" म्हणून मोकळी होतात आणि पुढे ते दुसऱ्याच कोणाला तरी जन्मभर भोगावं लागतं.

मी कामाला लागले ती एका पॉलिहाऊसमध्ये. आत ढोबळी मिरचीच्या लांबच लांब ओळी, प्रत्येक झाड वरच्या तारेला दोरीने बांधलेलं. मालकीण म्हणजे ताई. तिच्या धाकट्या भावाला सगळे चकाचक म्हणायचे, कारण जमिनीवर एक वाळकं पान दिसलं तरी त्याला चैन पडायची नाही. खोड आणि पान यांच्या बेचक्यातून जे जादा कोंब फुटतात, ते रोजाने कामाला येणारी मावशी खुडायची आणि माझ्यात टाकायची. मी भरले रे भरले की चकाचक मला बाहेरच्या खड्ड्यावर नेऊन रिकामी करायचा. पाहुणे आले की माझ्या पत्र्यावर थाप मारून सांगायचा, "हिच्यामुळे आमच्याकडं जमीन आरशासारखी." मी फुगायचे. कौतुक कोणाला नको असतं?

पण आरशासारख्या जमिनीवर उभ्या झाडांना फुलकिड्यांनी पोखरलं होतं. फुलकिडा दिसायला दोऱ्याच्या बारीक तुकड्याएवढा. तो पान खरवडतो, रस पितो, मग पान चंदेरी पडतं आणि मिरची वेडीवाकडी येते. त्याच्यासाठी पंपाने फवारा मारायचे. ते त्याला औषध म्हणायचे, मी विष म्हणते. किडे त्या विषाला सरावले. मावशीला सरावता आलं नाही. एका दुपारी ती ओळीतच घेरी येऊन पडली. तिला माझ्यात घालूनच बाहेर आणलं. चकाचक म्हणाला, "ऊन लागलं असेल." आभाळ भरून आलं होतं त्या दिवशी, आणि तिच्या कपड्यांना पंपाचा वास येत होता.

ताईने त्याच दिवशी पंप खुंटीला टांगला. मग तिने मित्रकीटक मागवले. कागदाच्या पुड्यांत शिकारी कोळी होते, डोळ्यांना दिसतील न दिसतील असे. त्या पुड्या झाडाझाडाला अडकवल्या. बाटलीत तिळाएवढे शिकारी ढेकूण होते, ते फुलांवर शिंपडले. हे दोघंही फुलकिड्यांवर जगतात.

"पैसे देऊन ढेकूण आणलेस, ताई," चकाचक म्हणाला. "आपल्या जुन्या खाटेत फुकट होते."

"ते तुला खायचे. हे किड्याला खातात."

खाल्लेही. पण आठवडे गेले, तसे ढेकूण वाढायचे सोडून घटतच चालले. ताईने पुन्हा बाटल्या आणल्या, पुन्हा शिंपडल्या. पुन्हा तेच. ती फुलं झटकून बघायची आणि पुढच्या झाडाकडे जायची.

"पळाले तुझे शिकारी," चकाचक म्हणाला. "आता हट्ट पुरे. पुढच्या तोडणीला फळ सुधारलं नाही तर मी पंप खाली काढणार."

मावशी कोंब खुडता खुडता म्हणाली, "पंप निघाला की मी निघाले."

"घरी बसून खाशील काय, मावशी?"

"ते बघीन. खायला जिवंत तर राहीन."

आणि ऐन मोक्याला माझं चाक निखळलं. भरलेली होते, ओळीच्या टोकालाच उलटले. चकाचकने मला एक लाथ घातली. वर्षानुवर्षं केलेल्या कामाची पावती, दुसरं काय. वेल्डर गावाला गेलेला, तोडणी तोंडावर आलेली, मला विचारतो कोण. मी तिथेच पडून राहिले, आणि खुडलेले कोंबही ओळींत ढिगाने पडून राहिले.

तोडणी झाली. फळ वाकडंच निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चकाचकने विष कालवलं आणि पंप पाठीला लावला. मावशीने डबा उचलला. ताई मात्र माझ्याजवळच्या ढिगापाशी उकिडवी बसली होती.

"इकडं ये," ती म्हणाली.

"मिश्रण तयार आहे, ताई. ठेवलं की वाया जातं."

"जाऊ दे. आधी बस खाली."

तो पंपासकट बसला. सुकलेल्या कोंबांमधून बारीक बारीक पिवळसर पिल्लं निघून जवळच्या खोडावर चढत होती.

"ढेकणाची पिल्लं आहेत," ताई म्हणाली. "ढेकूण कोवळ्या देठाच्या आत अंडी घालतो. आणि आपण कोवळे देठच खुडतो."

चकाचकने एक सुकलेला कोंब उचलून डोळ्यांजवळ धरला. "म्हणजे ती अंडी खड्ड्यात आपणच..."

"आपणच. रोज. गाडी भरभरून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे काय बघतोस बाबा? ढकलशील तिकडे मी जाते.

मावशी दारातून म्हणाली, "डबा आत ठेवू का घेऊन जाऊ, ते एकदा सांगा."

चकाचकने पाठीवरून पंप उतरवला. "ठेव आत," तो म्हणाला. मग कालवलेलं ओतायचं कुठं, या विचारात पंपाकडे बघत उभा राहिला. विष कालवताना हा प्रश्न कोणालाच पडत नाही.

लगेच सगळं हिरवंगार झालं नाही. पुढची एक तोडणीही वाकडीच गेली. मग हळूहळू शेंड्याची पानं स्वच्छ यायला लागली आणि पाठोपाठ सरळ मिरच्या. मला नवं चाक मिळालं. आता खुडलेले कोंब आधी काही दिवस ओळीतच सुकतात, पिल्लं उतरतात, मग मी जाते. पाहुणे विचारतात, "हा कचरा का ठेवलाय?" चकाचक म्हणतो, "पाळणाघर आहे ते. पाय जपून टाका." माझ्यावर आता कोणी थाप मारत नाही. नाही तर नाही.

मित्रांनो, झाडू हातात घ्याल तेव्हा आधी वाकून बघा. तुम्ही ज्याला घाण म्हणता, ते कोणाचं तरी घर असतं, आणि तो कोणीतरी कदाचित तुमच्याच बाजूने लढत असतो. स्वच्छता चांगलीच. आंधळी स्वच्छता म्हणजे नुसती मस्ती.

मी अजूनही उजवीकडेच जाते. पण माझ्या लांब मुठीवर मावशी रोज सकाळी डबा अडकवते आणि कामाला लागते. आखूड मुठीवर तो टिकला नसता.