खंडेनवमीचा पिवळा रंग

मित्रांनो, मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची एक जुनी रिम आहे. ज्यावर टायर बसतो ते लोखंडी कडे म्हणजे मी. कार्ला गावात सोपानच्या गोठ्यामागे, घाणेरीच्या झुडपांत पडून असते. जवळ या, पण पायात वहाणा घालून या. माझ्या कडा आता कापतात, आणि गंजाची जखम झाली की आईच्या जिवाला घोर लागतो.

सोपानचा ट्रॅक्टर आला तेव्हा बायामाणसे माझ्यावर हात फिरवून बघत. आषाढात भाताच्या खाचरांत मी चिखल तुडवी. संध्याकाळी सोपान बैलांना ओढ्यावर नेऊन धूत असे. मला मात्र तशीच उभी करी. लोखंडाला काय होते, असे त्याला वाटे. चिखल माझ्या खोबणीत ओल धरून राही. तिथूनच गंज चढू लागला.

तो आधी दिसला सोपानच्या बायकोला, शालनला. तिचे लक्ष सगळीकडे असे; रतनच्या, म्हणजे लेकीच्या खोकल्यावर, विहिरीच्या काठावर, आणि माझ्यावरही.

खंडेनवमीला अवजारांची पूजा. सोपान पिवळा रंग घेऊन बसला, तेव्हा ती म्हणाली, "आवो, चाकातनं तांबडं पानी गळतंय. आदी खरवडा की."

"आज लोखंडाला ओरखडा काढायचा न्हाई. आज त्यो देव. भातं झोडून झाली की घासतो."

त्याने गंजावरच रंग चढवला. शेजारचा शिदू हसून म्हणाला, "सोपानभाऊ, चाकाला हळद लावली जनू. वरात कवा?"

भाते झोडून झाली. घासणे राहून गेले. पुढच्या खंडेनवमीला पुन्हा रंग, पुन्हा कौतुक. रंगाच्या आड गंज बोल्टांच्या भोकांपर्यंत पोचला. मला तोंड नाही. तांबडे पाणी गाळणे, एवढीच माझी भाषा.

त्या मार्गशीर्षात ट्रॉलीत भाताचे भारे भरले होते. चार वर्षांची रतन नेहमीसारखी बापाशेजारी, माझ्या वरच्या पत्र्यावर बसली होती.

"पोरीला खाली द्या," शालन म्हणाली. "मला भ्या वाटतंय."

"चाक नव्यावानी दिसतंय की गं," तो म्हणाला. पण तिने रतनला ओढून कडेवर घेतलेच.

शेतातून रस्त्यावर चढताना बोल्टांपाशी मी फाटले. ट्रॅक्टर कलंडला. रतन बसायची तो पत्रा जमिनीत रुतला, आणि त्याखाली सोपानचा पाय. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ट्रॅक्टर आता सोपानचा भाऊ नवशा चालवतो. पुढच्या वर्षी घट बसायच्या आतच शालनने नवी रिम तारेच्या ब्रशने लखलखीत घासली, रॉकेलने पुसली, गेरूसारखा तांबडा अस्तराचा रंग दिला. तो पुरता वाळल्यावरच पिवळ्याला हात लावला.

खंडेनवमीला सोपान कुबडी टेकत गोठ्यामागे आला. माझ्यावर झेंडूचे एक फूल ठेवून तिथेच बसला. रतन अनवाणी धावत आली.

"थांब तितंच," तो म्हणाला. "आदी वहाना घालून ये."

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, नाहीतर विहिरीचा रहाट. रंगाखालून तांबडे पाणी आले तर त्याच दिवशी खरवडा. सण असला तरी. देव रागावत नाही.

ते फूल दुपारीच सुकले. मला फूल नकोच होते.