ओर्वालची घंटा, सोहारची वादी

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. पितळेची, अठरा किलो वजनाची, काठाचा एक टवका उडालेली. मी देवळातली नाही, चर्चमधलीही नाही, आणि शाळा सुटल्याची वर्दी देणारी तर मुळीच नाही. मी एका फुटबॉल क्लबची घंटा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फार थोडं आहे. मी दोन देश पाहिले, शेकडो सामने पाहिले आणि एक तरुण माणूस डोळ्यांदेखत गमावला. त्या वेळी मी जिवाच्या आकांतानं ओरडायला हवं होतं. पण माझं तोंड बांधलेलं होतं.

आधी माझं घराणं सांगते. फ्रान्समध्ये ओर्वाल नावाचं एक गाव आहे. नकाशात शोधायच्या फंदात पडू नका, बोटाखाली झाकून जाईल एवढंच ते आहे. गावात कातडी कमावण्याचा एक कारखाना होता आणि कडेनं ल्यूएत नदी वाहायची. १९२१ साली कारखान्यातल्या कामगारांनी क्लब काढला. पहिला चेंडू त्यांनी स्वतःच शिवला. तो इतका जड होता, की डोक्यानं मारणाऱ्याला दोन दिवस सगळं दुहेरी दिसायचं. मैदान मिळालं नदीला अगदी चिकटून, कारण तो तुकडा दुसऱ्या कुणालाच नको होता. मग गावकऱ्यांनी घरोघरच्या दारांच्या मुठी, मोडके मेणबत्तीचे दांडे, फुटके तवे आणून दिले. ते वितळवून मला ओतलं.

मैदानाची राखण तेओ नावाचा माणूस करायचा. त्यानं माझ्यासाठी एक रीत घातली. क्लब जिंकला की अकरा टोले. हरला की माझ्या पोटातल्या लोलकाला काळा लोकरीचा मोजा चढवायचा, आणि पुढचा विजय मिळेपर्यंत मी गप्प. मोजा तेओच्या बायकोनं, ओदिलनं विणलेला होता. तो ती रिबिनीनं बांधायची, सुरगाठ मारून. एका झटक्यात सुटेल अशी ती गाठ असे, आणि त्याला कारण होतं. नदीकाठी एक दगडी खांब होता. त्याच्यावरच्या दुसऱ्या रेघेला पाणी लागलं, की तेओ धावत येई, रिबीन ओढी आणि मला बडवत सुटे. सामना चालू असो, गाव शोकात असो, त्याला पर्वा नसे.

१९५७ साली क्लबनं कमाल केली. मोठमोठ्या संघांना धूळ चारत ओर्वालची पोरं राष्ट्रीय चषकाच्या शेवटच्या सोळांत पोचली आणि पॅरिसच्या संघाकडून एका गोलनं हरली. सगळं गाव रडलं. चार महिने मी मुकी होते. त्याच हिवाळ्यात नदी चढली आणि तेओनं रडत रडत माझा मोजा ओढून काढला. मैदानावर सराव करणारी बावीस माणसं वाचली. अशा कामाची कुठल्याही वर्तमानपत्रात बातमी येत नाही, मित्रांनो. बातमी पराभवाचीच आली.

पुढे उतरती कळा लागली. कारखाना बंद पडला, तरुण मंडळी शहरांकडे गेली. १९९३ साली क्लब शेजारच्या गावच्या क्लबात विलीन झाला आणि मैदानावर गाड्या उभ्या राहू लागल्या. मी भंगारात जाणार होते. तेओचा नातू गास्तों इंजिनिअर होता, त्यानं मला उचलून नेलं. तीन वर्षांनी त्याला ओमानमध्ये नोकरी लागली आणि त्याच्या सामानातून मी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत येऊन पोचले.

काय तो उन्हाळा! सकाळी नऊला माझ्या अंगाला हात लावायची सोय नव्हती. गास्तोंच्या कारखान्यात वसईचा नॉरबर्ट नावाचा फिटर होता. चाळिशीचा, आडव्या अंगाचा, फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. त्यानं माझ्यासाठी लोखंडी चौकट जोडली आणि कामगारांचा संघ उभा करून तो स्वतः त्याचा कॅप्टन झाला. त्याला नाव दिलं ओर्वाल युनियन, सोहार. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सामना झाला की गास्तों चहा पीत क्लबच्या गोष्टी सांगे. नॉरबर्टनं तो इतिहास इतका घोटला, की नव्या माणसाला सांगताना वाटावं, याचाच आजा १९५७ साली पॅरिसला खेळला होता.

गास्तोंनं विजयाचे टोले सांगितले. काळा मोजा सांगितला. पाण्याचं मात्र सांगितलं नाही. मुद्दाम नव्हे. चहूकडे खडी, धूळ आणि बाभळीसारखी काटेरी झाडं. इथे नदीचं नाव कुणाला सुचणार? आणि मैदान कुठे होतं माहीत आहे? वादीत. वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र. सपाट, रुंद, आयतं मैदान. माझी चौकट तेवढी काठावर होती. मला पहिल्या दिवशीच तिथले गोल गुळगुळीत दगड दिसले होते. दगड असे गुळगुळीत कशानं होतात, ते मी ओर्वालला सत्तर वर्षं पाहिलं होतं. माझा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता.

२००० साली गास्तों मायदेशी परतला. मी नॉरबर्टच्या हवाली झाले. त्यानंतर वर्षभरात नॉरबर्टनं आपल्या बायकोच्या, उर्सुलाच्या, धाकट्या भावाला व्हिसा मिळवून दिला. ऑलविन त्याचं नाव. चोवीस वर्षांचा, उंच, हसरा, गोलकीपर. उर्सुलानं वसईहून निरोप धाडला होता, की माझ्या आईला हा एकच मुलगा आहे, त्याला सांभाळ. नॉरबर्टनं तो निरोप सगळ्यांना मोठ्या अभिमानानं वाचून दाखवला.

२००३ साली आमचा संघ बरका गावच्या संघाकडून अंतिम सामना हरला. नॉरबर्टला ते फार लागलं. त्यानं ऑलविनचा काळा मोजा मागून घेतला आणि माझ्या लोलकाला चढवला. सुरगाठ त्याला ठाऊक नव्हती. तो पडला फिटर. त्यानं बांधायची तार घेतली, तीन वेढे दिले आणि पक्कडीनं पीळ घालून घालून ती आवळली.

"आता जिंकल्याशिवाय ही सुटायची नाही," तो म्हणाला.

"भावोजी, एवढं टाइट? जिंकल्यावर ग्राइंडर आणावा लागेल," ऑलविन हसून म्हणाला.

सगळे हसले. हसला नाही तो मेसचा स्वयंपाकी रमण. मालवणकडचा हा माणूस माझी दोरी ओढायचं काम करी. तो चौकटीजवळ येऊन पुटपुटला, "आमच्या देवळातली घांट कोण बांधून ठेवणा नाय. ह्या काय बरा नाय."

त्यानंतर सात शुक्रवार गेले. आम्ही हरलो, बरोबरी केली, पुन्हा हरलो. मोजा उन्हानं कडक झाला. तारेला गंज चढला. मला माझाच आवाज आठवेनासा झाला.

आठवा शुक्रवार मार्चमधला होता. दुपारचे चार वाजले होते, डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. पश्चिमेच्या डोंगरांवर मात्र काळंभोर भरून आलं होतं. धूळ बसवायला पाण्याचा टँकर घेऊन येणारा जाफर त्या दिवशी खाली पात्रात उतरलाच नाही. जाफर बलुची, जन्मापासून याच किनाऱ्यावरचा. त्यानं टँकर काठावर उभा केला आणि तिथूनच हाक मारली.

"नॉरबर्ट! आज मत खेलो. पहाड़ पे बारिश है. वादी आएगा."

"जाफरभाई, ऊपर देखो, धूप है धूप!" नॉरबर्ट म्हणाला. "आज तो जीतना है. घंटा खोलना है."

"वादी धूप नहीं देखता."

"एक घंटा, बस. फिर खलास."

जाफर टँकरमध्ये बसून डोंगराकडे बघत राहिला. मीही तिकडेच बघत होते. मला वास येत होता, मित्रांनो. ओल्या मातीचा नव्हे. उपटलेल्या मुळांचा आणि गढूळ पाण्याचा, ल्यूएतला यायचा तोच वास.

आमचा संघ एका गोलनं पुढे होता. ऑलविन पलीकडच्या टोकाला गोलमध्ये उभा होता, पात्र जिथे सर्वांत खोल तिथे, डोंगराकडे पाठ करून. सामना संपायला दहा मिनिटं उरली असतील. वरच्या वळणावर तपकिरी फेसाची एक ओळ दिसली. तिच्यात अख्खी झाडं लोळत होती. जाफरनं हॉर्न दाबला, पण समोरून वारा होता आणि मैदानावर आरडाओरडा. रमणनं धावत येऊन माझी दोरी धरली आणि सगळं बळ लावून ओढली.

धप्.

पुन्हा ओढली. धप्. गादीवर काठी मारावी तसा आवाज. रमणनं नखांनी तार उकलायचा प्रयत्न केला. बोटं रक्ताळली, तार हलली नाही. "अरे देवा, पक्कड खंय आसा?" तो ओरडत होता. पक्कड नॉरबर्टच्या पेटीत होती आणि पेटी खाली मैदानावर.

मधल्या फळीतल्या कुणीतरी मान वळवली आणि किंकाळी फोडली. माणसं काठाकडे धावली. नॉरबर्ट उलटा धावला, ऑलविनकडे, त्याचं नाव घेत. ऑलविनला वाटलं, गोल होणार म्हणून कॅप्टन ओरडतो आहे. तो चेंडूवर नजर ठेवून पाय रोवून उभा राहिला. मग पाणी आलं.

जाफरनं टँकरच्या पाइपाचा दोर करून नॉरबर्टला बाहेर ओढलं. ऑलविन तिसऱ्या दिवशी समुद्राजवळ सापडला.

उर्सुला वसईला होती. फोनवर ती रडली नाही. रमण नॉरबर्टच्या शेजारी उभा होता, त्यानंच पुढे हे सर्वांना सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "घंटा कुणी बांधली होती?"

"मी," नॉरबर्ट म्हणाला. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

नॉरबर्टनं गास्तोंला पत्र लिहिलं. तुझ्या आजोबांनी काळ्या मोज्याबद्दल आणखी काही सांगितलं होतं का, एवढंच त्यात होतं. उत्तर आलं. गास्तोंनं सुरगाठीचं लिहिलं होतं, दगडी खांबाचं लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'हे सांगायचं माझ्या मनातच आलं नाही. मला क्षमा कर.' ते पत्र नॉरबर्टनं माझ्या चौकटीला टेकून वाचलं. माझ्या पितळेला त्याचे हुंदके लागत होते. मला त्याचा राग येत नव्हता. मी त्या वादीतले दगड पहिल्या दिवशी ओळखले होते. माझाही अपराध होताच, फक्त मला तोंड नव्हतं.

क्लब मोडला नाही. मोजा आणि तार नॉरबर्टनं कापून काढली. काठावर, उंचवट्यावर, नवं मैदान झालं. आता डोंगरावर ढगाचा ठिपका दिसला तरी कुणीही माझी दोरी ओढतो, आणि खोटी वर्दी ठरली तरी कुणी कुरकुरत नाही. नवा माणूस संघात आला की नॉरबर्ट अजूनही इतिहास सांगतो. ओर्वाल, कातडीचा कारखाना, पॅरिसचा सामना, सगळं. आणि तो तिथेच थांबत नाही. "२००३ साली आमचा गोलकीपर ऑलविन वाहून गेला," तो म्हणतो. "घंटा मी बांधली होती." 'आम्ही' म्हणत नाही, 'मी' म्हणतो. उर्सुला अजून त्याच्याशी बोलत नाही. दर शुक्रवारी तो तिला फोन लावतो.

मित्रांनो, वाडवडिलांची एखादी रीत तुमच्या हाती आली, तर ती डोळे मिटून मिरवू नका. ती कशासाठी होती, कधी मोडायची होती, हे सांगणाऱ्याला खोदून खोदून विचारा. त्याला कंटाळा आला तरी विचारा. गास्तोंला कुणी ते विचारून ठेवलं असतं, तर आज ऑलविन जिवंत असता.