राघोच्या नंबरवरून

"अर्ध्या शिफ्टमध्ये गेलीस ना, तर उद्या येऊ नको. सरळ सांगतोय," सागर म्हणाला.

"नको तर नको. गोडाऊन तुझ्या बापाचं हाय काय?"

"बाप काढू नको."

"मंग वाट सोड."

सागर हा दापोड्याच्या त्या गोडाऊनमधला सुपरवायझर. रंजितापेक्षा वयाने लहान, पण गळ्यात शिट्टी अडकवली की काही माणसांना आपण फौजदार झालो असं वाटतं. सणाचा सेल लागला होता, सरकत्या पट्ट्यापाशी खोक्यांचा ढीग साचला होता, आणि ही बाई चहाच्या सुट्टीत फोन बघायला गेटवर आली ती परत आत जायला तयार नव्हती. कामाच्या वेळात फोन गेटवरच्या केबिनमध्ये जमा करायचा, असा तिथला कायदा. घरी कुणाचं बरंवाईट व्हायचं असेल तर ते सुट्टीच्या वेळात व्हावं, अशी कंपनीची अपेक्षा असते.

"झालंय काय पण?"

"माझी मैत्रीण उठली न्हाय."

"उठली न्हाय म्हंजे?"

"म्हंजे उठली न्हाय!"

सागरने कपाळावर हात मारला. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "दीदी, पहले आउट पंच मारो, फिर झगड़ा करो." रंजिताने मशीनवर बोट दाबलं आणि ती तरातरा रस्त्याला लागली.

रंजिता भांडखोर बाई. दिघाशीत, गोडाऊनमध्ये, येण्याजाण्याच्या जीपमध्ये, जिथे जाईल तिथे तिचं कुणाशी तरी वाजलेलं. मैत्रिणी म्हणाव्यात अशा तिला तिघीच, आणि त्यांतल्या एकीलाही तिने कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एक लातूरची, एक संगमनेरची आणि तिसरी अकलोलीची माधवी. तांदळाच्या भाकरीच्या एका व्हिडिओखाली कुणी टवाळ त्या भाकरी करणाऱ्या बाईच्या अंगावरून घाणेरडं लिहीत होता. या चौघी अनोळखी बायका त्याच्यावर अशा तुटून पडल्या की त्याला पळता भुई थोडी झाली. भांडणातून जमलेली मैत्री, म्हणून टिकली. मग चौघींनी आपला ग्रुप काढला. नाव ठेवलं 'उठा गं'.

ग्रुपचे कायदे कंपनीपेक्षा बरे होते. आडनाव विचारायचं नाही, कारण आडनाव कळलं की जात कळते आणि माणसं लगेच सावरून बसतात. भेटायचं नाही. आणि सकाळी कामाला लागण्याआधी प्रत्येकीने 'उठले' एवढं लिहायचं. बाकी दिवसभर काहीही चालायचं. करपलेली भाजी, सुजलेलं पाऊल, सासूची नवी शिवी, दारात आलेलं मांजर. अकलोली दिघाशीपासून एका रिक्षाच्या अंतरावर, तरी रंजिता कधी गेली नव्हती. माधवीच्या घराच्या दर्शनी भिंतीवरची गुलाबी पोपडी, मांडणीतला चेपलेला डबा, तुटकी पायरी, सगळं तिला फोटोतून तोंडपाठ होतं. माधवीच्या सासूचा आवाजसुद्धा. माधवीने आवाज भरून निरोप पाठवला की मागून सासूबाई हमखास वाजायच्या.

काल संध्याकाळी माधवीने लिहिलं होतं, 'रंजी, तुझा राघो तुझे पाय दाबतो म्हणतेस. आमचा मितेश पंधरा दिवसांनी वापीवरून येतो अन् भिंतीकडं तोंड करून झोपतो. कंटाळा आला गं. उद्या उठूच नये असं वाटतंय.'

रंजिताने ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. कारण राघो कुणाचे पाय दाबत नव्हता. राघो दोन वर्षांपूर्वीच मेला होता.

तो टेम्पो चालवायचा. दापोड्यातच एका गोडाऊनच्या दारात दुसरा कुणी कंटेनर मागे घेत असताना राघो मध्ये सापडला आणि जागच्या जागी गेला. दिघाशीत हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण ग्रुपवर पहिल्यांदा कुणी विचारलं, मिस्टर काय करतात, तेव्हा रंजिताने 'टेम्पो' एवढंच लिहिलं. खरं लिहायला हात धजला नाही. गावात ती दिवसभर राघोची विधवा होती. निदान फोनमध्ये तरी राघोची बायको असावं, एवढंच तिला हवं होतं. मग तो तिथे रोज थोडा थोडा जगत गेला. मटण आणलं आणि मसाला विसरला. तिचं डोकं दुखलं तर भांडी घासली. खरा राघो असा नव्हता, तो जेवल्यावर ताट उचलायचा नाही. मेल्यावर माणूस सुधारतो तो असा. आणि त्या सुधारलेल्या राघोकडे बघून अकलोलीला एक जिवंत बाई झुरत बसली होती.

सकाळी बाकी दोघींचं 'उठले' आलं, माधवीचं आलं नाही. रंजिताने जीपमधून फोनावर फोन केले. उचलला नाही. चहाच्या सुट्टीत केला तर बंद. आता गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

अंजूरफाट्यापर्यंत एका टेम्पोत, मग भिवंडी, मग अंबाडीची जीप. शेजारच्या माणसाने पाय पसरले म्हणून ती त्याच्याशी भांडली, पण मन भांडणात नव्हतं. मीच मारलं तिला, हेच डोक्यात घुमत होतं. पुढे रिक्षा करून अकलोलीला उतरली. गरम पाण्याच्या कुंडाच्या वाटेवर नारळ आणि पंचे विकणारी दुकानं, त्यांच्या मागे घरं. गुलाबी पोपडी तिला लांबूनच दिसली, आणि सासूबाईंचा आवाज तिने त्याआधी ओळखला.

अंगणात आळीतल्या बायका जमल्या होत्या. बायकांना ढकलत ती पुढे झाली, तर तुटक्या पायरीवर माधवी बसलेली. जिवंत. गालावर बोटांचे वळ, शेजारी कपड्यांची पिशवी.

रंजिताच्या जिवात जीव आला आणि त्याच्या मागोमाग राग. "जित्ती हायस तर लिवायला हात मोडले व्हते तुझे?"

माधवीने मान वर केली. आवाजावरून तिने ओळखलं. "रंजी?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी पडला.

"ही कोन आता?" हा माधवीचा दीर विशाल. त्याच्या हातात माधवीचा फोन होता आणि त्याने तो खुनातला कोयता धरावा तसा दोन बोटांत धरला होता.

सासू गोदूबाईंनी विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. "सकाळधरनं फोनावर फोन! ही कुंडावर गेलेली, फोन चुलीपाशी. इशालनं बघितलं तं वर नाव काय? राघो टेम्पो! आन् ही म्हनते मैत्रिनीचा नंबर. माझा पोरगा तिकडं वापीला राबतोय आन् ही हिकडं टेम्पोवाला धरून बसलीय. तिच्या माहेरनं, वाड्यावरनं, भावाला बोलावलाय. न्हेऊ दे हिला. पुन्हा या दारात पाय न्हाय ठेवायचा."

राघोचा नंबर तिने बंद केला नव्हता, तोच ती वापरत होती. आणि माधवीने भीतीपोटी कुणाचाच नंबर नावानिशी ठेवला नव्हता, ग्रुपवरचं सगळं रोजच्या रोज पुसून टाकायची. मग फोनमधल्या ॲपने आपल्या अकलेने, दुसऱ्या लोकांनी त्या नंबरला दिलेलं नाव दाखवलं. विशालने फोन उचलला असता तर बाईचा आवाज ऐकू आला असता आणि विषय तिथेच संपला असता. पण समोरचा सावध होईल म्हणून त्याने तो उचललाच नाही. पुरावा म्हणून बंद करून खिशात टाकला. शहाणपणाला काही सीमा असते, मूर्खपणाला नसते.

"राघो माझा नवरा," रंजिता म्हणाली.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. अंगणात एकदम कालवा उठला.

"बघा! बघा! त्याची बायकोच आली उरावर!" गोदूबाई ओरडल्या.

"बस, बाय, बस हितं," एका बाईने रंजितापुढे स्टूल सरकवलं. दुसरी म्हणाली, "चांगली झिंज्या धरून बडव तिला. आमी हाव तुझ्या बाजूनं." जन्मात पहिल्यांदाच सगळी आळी रंजिताच्या बाजूने उभी होती, आणि कधी नव्हे ते तिला तोंड उघडायला फट मिळत नव्हती.

"गप बसा गं भवान्यांनो! फोन मी केले. नंबर माझ्याजवळ असतो. लाव तू, लाव आता!"

विशालने फोन चालू केला, नंबर लावला. रंजिताच्या हातातला फोन वाजायला लागला. पण विशाल असा तसा हार मानणारा नव्हता.

"आत्ता तुझ्याजवळ हाय. बाकी वेळेला कोनाजवळ असतो? नवऱ्याला झाकायला आली असशील. त्याला बोलव हितं. तोंडावर विचारू."

"तो येत न्हाय."

"का? तोंड काळं केलंय म्हनून?"

तेव्हा पायरीवरून माधवी म्हणाली, "बोलव ना गं त्यांना. एवढा एक फोन कर. तू सांगितलंस तर ते गाडी टाकून येतील. मी वळखते ना त्यांना."

तिच्या आवाजात इतका भरवसा होता, की रंजिताला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. वाड्याहून भाऊ निघाला होता. पिशवी भरलेली होती. या बाईला घरातून काढायला एक नाव पुरलं होतं, आणि ते नाव पुसायचा एकच उपाय होता. रंजिताने तो शब्द गेल्या दोन वर्षांत कुणासमोर उच्चारला नव्हता.

"राघो मेलाय," ती म्हणाली. "दोन वरसं झाली. कंटेनरखाली. दिघाशीत कोनालाबी विचारा."

विशालने विचारलंच. दिघाशीचा त्याचा कुणी क्रिकेटमधला दोस्त होता, त्याला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडचा म्हणाला, "राघो टेम्पोवाला? तो वारला की रे. बायको हाय मागं. लय खट बाई, नादी लागू नको." यावर कुणीतरी हसलं. रंजिताला त्याचंही काही वाटलं नाही.

आळीतल्या बायका एकेक करून निघाल्या. चांगला रंगलेला खेळ मध्येच बंद पडावा तसे त्यांचे चेहरे झाले होते. स्टूलवालीने स्टूल परत नेलं. विशालने माधवीच्या भावाला फोन करून, "येऊ नको, काय न्हाय झालं," एवढं सांगितलं. गालावर वळ उठलेल्या बाईला तो काही म्हणाला नाही. तिचा फोन पायरीवर ठेवून तो वाटेवरच्या दुकानांकडे निघून गेला. गोदूबाई मात्र रंजितावरच उखडल्या. "हे आधी न्हाय सांगायचं? उगा मान्साच्या जिवाला घोर!"

दोघी समोरासमोर राहिल्या.

"परवा पाय दाबले म्हणालीस," माधवी म्हणाली.

"खोटं."

"भांडी घासली ते?"

"कदी न्हाय घासली त्यानं. जित्ता व्हता तवाबी न्हाय."

माधवी तिच्याकडे बघत राहिली. रंजिता वाट पाहत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांना तिच्याकडे कायम उत्तर असायचं. "तुझ्या जिवाला मी घोर लावला," ती शेवटी म्हणाली. "घाल शिव्या. पायताण मार. पन अशी बघू नको."

माधवी उठली. अंगणाच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप होतं, तिकडे गेली. पदर खोचला, तांब्या भरला आणि नेसत्या साडीनिशी स्वतःच्या डोक्यावर ओतला.

"अगं ए, ह्ये काय चालवलंस?" गोदूबाई धावल्या. "मयताची खबर मागाहून आली तं डोक्यावरनं पानी घेतात, ते आपल्या मान्सासाठी. परक्यासाठी घेतात व्हय? तुझा कोन लागत व्हता तो?"

"दाजी," माधवी म्हणाली. आणि तिने दुसरा तांब्या भरला.

गोदूबाईंनी पुटपुटत उन्हात ठेवलेलं मिरच्यांचं सूप उचललं आणि शिंतोडे उडणार नाहीत एवढ्या अंतरावर नेऊन ठेवलं.

राघो गेला तेव्हा दिघाशीत लोकांनी रंजितालाच पाण्याखाली बसवलं होतं, बांगड्या फोडल्या होत्या, आणि ती सगळ्यांवर ओरडत सुटली होती. आता ती पिंपापाशी गेली.

"अंबाडा सोड," ती म्हणाली. "पानी आत जात न्हाय."

माधवीने अंबाडा सोडला आणि खाली बसली. रंजिताने तिच्या हातातला तांब्या घेतला, भरला आणि सावकाश तिच्या डोक्यावर ओतला.